पडद्याची साक्ष

खासगी छोटें विमान बाळगणारा गृहस्थ आपल्या बैठकीसमोर कोणता मार्गदर्शक पडदा बसवावा याचा विचार करूं लागला, म्हणजे त्याच्या टेबलावर प्रथम किंमतपत्रकें जमतात. पडदा केवढा, भर उन्हांत त्यावरील अक्षरें दिसतात कीं नाहीं, नकाशांची माहिती दर २८ दिवसांनीं नवी होते तिचा वार्षिक खर्च किती, जुन्या विमानांत तो बसवून देण्यास कारागीर काय घेईल, असे हे प्रश्न असतात. ते योग्यच आहेत. परंतु या हिशेबाच्या मुळाशीं दडलेल्या एका प्रश्नास किंमतपत्रकांत रकाना नसतो. ढगांत शिरल्यावर मनुष्यानें साक्ष कोणाची मानावी, स्वतःच्या इंद्रियांची कीं यंत्राची? आणि यंत्राची मानावयाची, तर कोणत्या यंत्राची?

आमच्या नैयायिकांनीं प्रमाणांत प्रत्यक्षास अग्रस्थान दिलें. जमिनीवर वावरणाऱ्या मनुष्यास तें शोभतेंही. परंतु वर ढगांत या प्रत्यक्षाची काय दुर्दशा होते, हें १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत झालेल्या एका प्रयोगानें दाखविलें आहे. केवळ उपकरणें पाहून विमान चालविण्याची संवय नसलेले २० उमेदवार घेऊन त्यांस बाहेरचें क्षितिज दिसूं नये अशी तजवीज करण्यांत आली. विसांपैकीं एकासही विमान सांवरतां आलें नाहीं; ताबा सुटण्यास सरासरीनें १७८ सेकंद पुरले. कारण शरीररचनेंतच आहे. विमान हळूहळू वळूं लागलें व तसेंच वळत राहिलें, म्हणजे कानाच्या आंतील नलिकांतला द्रव थोड्या वेळानें नलिकांच्याच गतीनें फिरूं लागतो आणि वळण चालू आहे ही जाणीवच नाहींशी होते. मग विमान सरळ करावें, तर आपण उलट दिशेस वळत आहोंत असें वाटूं लागतें. मूर्खास आणि पंडितास हा कान सारखाच फसवितो. तेथें ज्येष्ठ प्रमाण बाजूस ठेवून शब्दप्रमाणास शरण जाण्यावांचून गत्यंतर नाहीं.

पण शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. वस्तु जशी आहे तशी ज्यानें जाणली आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असें लक्षण शास्त्रकार करितात. आम्ही त्यांत एक कलम वाढवूं: जें आपणांस कळलें नाहीं तें कळलें नाहीं असें जो सांगतो तो. या कसोटीवर जुनीं व नवीं उपकरणें घांसून पाहिलीं असतां निकाल मोठा मौजेचा लागतो. जुनें तें प्रामाणिक आणि नवें तें दिखाऊ, अशी आमच्यासारख्यांची सहज समजूत. परंतु जुन्या गोल तबकडींतलें कृत्रिम क्षितिज बहुधा हवा ओढणाऱ्या पंपाच्या बळावर फिरणाऱ्या भोंवऱ्यावर चालतें. पंप निकामी झाला तरी भोंवरा एकदम थांबत नाहीं. त्याची गति मंदावत जाते आणि तबकडींतलें क्षितिज हळूहळू, अगदीं सभ्यपणें, एका अंगास कलूं लागतें. बिचारा वैमानिक त्या खोट्या क्षितिजाशीं आपलें विमान जुळवीत जातो. उलट, चांगल्या प्रतीच्या नव्या पडद्यास आपल्या घटकांकडून विश्वासार्ह माहिती मिळेनाशी झाली, कीं तो त्या जागीं तांबडी फुली मारतो. या फुलीचें मोल आम्हांस पडद्यावरील साऱ्या रंगीत डोंगरांहून अधिक वाटतें. ग्राहकानें विक्रेत्यास पहिली विनंति हीच करावी, कीं तुमचा पडदा चालतांना कसा दिसतो तें राहूं द्या, बिघडतो तेव्हां कसा दिसतो तें दाखवा.

हातांतल्या टॅब्लेटवर नकाशा सुरेख उमटतो खरा. परंतु जी.पी.एस. मुळांत आपण कोठें आहोंत व कोणीकडे सरकत आहोंत एवढेंच सांगतें. पंख किती कलला आहे हें त्याचें ज्ञान नव्हे. शिवाय उन्हांत तापला कीं तो टॅब्लेट बंदही पडतो. मदतनीस म्हणून तो असावा, आप्ताचें आसन त्यास देऊं नये. किंमतीची सबब पूर्वी तरी खरी होती; पण २०१६ सालीं अमेरिकेच्या विमानखात्यानें, घरीं बांधलेल्या विमानांसाठीं निघालेलीं कांहीं स्वस्त उपकरणें कारखान्यांत बनलेल्या लहान विमानांतही बसविण्यास मान्यता दिली, तेव्हांपासून ती बरीच लंगडी झाली आहे.

एवढ्यावर पडद्याच्या बाजूनें निकाल देऊन आम्ही मोकळे झालों असतों. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २०१० चा अहवाल आडवा येतो. २००२ ते २००६ या काळांत बनलेल्या लहान विमानांची तुलना मंडळानें केली. पडदे असलेल्या विमानांना एकंदर अपघात कमी झाले. परंतु २००६-०७ मध्यें प्राणघातक अपघातांचें प्रमाण त्यांच्यांत दर लाख उड्डाणतासांस १.०३ होतें, तर गोल तबकड्यांच्या विमानांत ०.४३. पडदेवालीं विमानें लांबच्या प्रवासास अधिक जात, हेंही मंडळानें नमूद केलें आहे. तेव्हां केवळ आंकड्यांवरून पडदा दोषी ठरत नाहीं. पण तीं लांब कां जात? पडदा माहिती देतो तसा धीरही देतो, आणि धीर मिळाला कीं मनुष्य एरवीं ज्या सायंकाळीं घरीं राहिला असता त्या सायंकाळीं निघतो. असा आमचा तर्क आहे.

१६ जुलै १९९९ च्या रात्रीं धाकटे जॉन केनेडी आपल्या विमानानें न्यू जर्सीहून मार्थाज् व्हिन्यर्ड बेटाकडे निघाले. विमानांत जी.पी.एस. होतें, स्वयंचालकही होता. केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना मात्र केनेडींपाशीं नव्हता. धुरकट हवा, काळोख आणि खालीं समुद्र. त्यांत दिशाभ्रम होऊन विमान ताब्यांतून गेलें, असा निष्कर्ष चौकशींत निघाला. पत्नी व मेहुणी बरोबर होत्या, तिघेही गेले.

प्रश्न नीतीचा होतो तो या मागें बसलेल्या दोघींमुळें. वैमानिक एकटा असता तर हा त्याचा व त्याच्या दैवाचा व्यवहार म्हणतां आला असता. परंतु पाहुणा विमानांत चढतो तेव्हां झगझगीत पडदा पाहून निश्चिंत होतो. त्या पडद्याचें वैमानिकास कितपत कळतें, हें त्यास विचारतां येत नाहीं, आणि विचारावें हें सुचतही नाहीं. कायद्यानें अखेरची जबाबदारी वैमानिकाचीच असते. पडद्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतां येत नाहीं. म्हणून मोठा पडदा कीं लहान, असा वाद पडला तर लहान घ्यावा, त्याच्या जोडीस स्वतंत्र बॅटरीवर चालणारें दुसरें क्षितिज बसवावें, आणि उरलेल्या रकमेंतून शिक्षकाचे तास घ्यावे, असें आमचें मत आहे. निरभ्र दिवशीं, शिक्षक शेजारीं असतां, पडदा मुद्दाम झांकून पहावा. ते तास पुरे होईपर्यंत मागची बैठक रिकामी राहिली तरी चालेल.