दुसऱ्याच्या दारातला दिवा

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याविषयी लिहावे, हे काहींना अशुभ वाटेल. पण जुन्या काळी देणी भागवता न आलेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे, त्यावरून ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. तो दिवा त्याचा तोच लावी. आज दुसऱ्यानेच तो आधी लावला तर?

१९६८ साली अमेरिकेत एडवर्ड ऑल्टमन यांनी ६६ कंपन्यांचे हिशेब तपासले. निम्म्या बुडालेल्या, निम्म्या तगलेल्या. पाच गुणोत्तरांवरून त्यांनी एक अंक काढला. तो १.८१ च्या खाली आला की धोका, २.९९ च्या वर गेला की निर्धास्त. आता संगणक हजारो जुन्या ताळेबंदांवरून हे भाकीत स्वतःच शिकतो.

यात वावगे काही नाही. बँकेतला पैसा ठेवीदारांचा; तो डोळसपणेच द्यायला हवा. पण साधा हिशेब मांडा. हजार कारखान्यांपैकी १० बुडणार आहेत आणि यंत्र शंभरात ९५ वेळा बरोबर आहे, असे धरू. ते बुडणारे नऊ-दहा ओळखील. पण उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० धडधाकटांवरही बोट ठेवील. मग बँक हात आखडते, माल देणारा रोख मागतो आणि चालता कारखाना खरोखरच बसतो. यंत्राच्या वहीत मात्र भाकीत बरोबर! समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली एका बँकेच्या दाखल्याने हेच दाखवले: बुडणार या अफवेनेच ठेवीदार धावले आणि ती बुडाली.

मी हे परक्याच्या अंगणातले बोलत नाही. सराव परीक्षेनंतर नापास होतील अशा मुलांची यादी मीही करत आलो. एका वर्षी ती मी फळ्यावर लावली. त्यातल्या एका मुलाने शाळाच सोडली. परीक्षेला बसलाच नाही. माझा अंदाज चुकला, असे कोणीच म्हणू शकले नाही. तेच मला अजून टोचते.

भाकीत करावे, पण ज्याच्याविषयी केले, त्याला बोलावून कारण सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि सावरायला मुदत द्यावी. बँकेलाही हेच लागू. एवढे करायचे नसेल, तर ते भाकीत नव्हे, निकालच.

आता माझी यादी खणात असते आणि त्यातली मुले सकाळी सातला जादा तासाला येतात. काही तरीही नापास होतात. पण माझ्या यादीमुळे नव्हे.