उपयोग काय?

गेल्या पावसाळ्यात भाईंदरच्या आमच्या शाळेत एका मुलाच्या भूमितीच्या वहीत मला आकडेच आकडे दिसले. ३५२४चे अंक त्याने आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा केले होते : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च! "याचा उपयोग काय?" असे दरडावून मी ते पान फाडले.

रात्री झोप येईना. हे गुपित ज्यांना १९४९ साली गवसले, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरही शाळामास्तरच. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा, म्हणजे आमच्याच रेल्वेमार्गावरचा, नोकरी देवळालीला. विद्वानांनी त्यांना फारसे मोजले नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने लिहिले, तेव्हा जगाने वळून पाहिले. पण वाचकहो, त्याआधी ६१७४ काय कमी खरा होता?

उठून मीच आकडेमोड करीत बसलो. एक अंक जरी निराळा असला, तरी फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. चारही सारखे असले, तर मात्र बाकी शून्य. आणि आम्ही मास्तर मुलांना सारखे करायला निघालेले!

सकाळी ते पान चिकटवून मी परत दिले.

"सर, उपयोग सापडला?" त्याने भीत भीत विचारले.

"नाही रे," मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."