सहा दिवसांचा हिशेब

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने १९८१ साली एक कायदा केला. शाळेत उत्क्रांती शिकवायची असेल तर तिच्या जोडीने ‘सृष्टिविज्ञान’ही शिकविले पाहिजे, दोहोंना समान वागणूक मिळाली पाहिजे, असे त्या कायद्याचे म्हणणे होते. विश्व शून्यातून एकाएकी निर्माण झाले, पृथ्वीचे वय फार थोडे आहे, खडकांचे थर एका जगबुडीने घडविले, अशी या सृष्टिविज्ञानाची कलमे कायद्यातच नमूद केलेली होती. मौजेची गोष्ट अशी, की वर्गात कोणत्याही धर्मग्रंथाचा उल्लेख करण्यास याच कायद्याने मनाई केली होती. उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्ट सांगावयाची, पण उत्पत्तीचे नाव घ्यावयाचे नाही!

या कायद्याविरुद्ध काही नागरिक न्यायालयात गेले. फिर्यादी नास्तिक असावेत असे आपल्याला सहज वाटेल. परंतु मुख्य फिर्यादी विल्यम मॅकलीन हे मेथॉडिस्ट पंथाचे पाळक होते, आणि त्यांच्यासोबत फिर्यादींच्या यादीत त्या राज्यातील मेथॉडिस्ट, एपिस्कोपल व कॅथोलिक बिशपांची नावे होती. साक्षीदारांत ब्रूस व्हॉटर नावाचे कॅथोलिक धर्मगुरू होते. जुन्या कराराचे ते नामांकित अभ्यासक. ५ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती विल्यम ओव्हर्टन यांनी तो कायदा घटनाबाह्य ठरविला.

बायबलच्या बाजूने केलेल्या कायद्याला बिशपांनीच विरोध का करावा? खटल्यात राज्याच्या बाजूला काय सिद्ध करावे लागले, ते पाहिले म्हणजे उत्तर सापडते. अमेरिकेतील सरकारी शाळांत धर्म शिकविता येत नाही. म्हणून या कायद्यातील ‘निर्मिती’ ही धार्मिक कल्पनाच नव्हे, तिचा कर्ता म्हणजे भाविक ज्याची उपासना करतात तो परमेश्वर असलाच पाहिजे असे नाही, असा युक्तिवाद करणे भाग पडले. म्हणजे उत्पत्तीचा पहिला अध्याय शाळेत नेण्यासाठी त्यातून परमेश्वरालाच वगळावे लागले. निर्माता एक आणि आपला पिता दुसरा, हे मत ख्रिस्तसभेने दुसऱ्या शतकातच, मार्सियनच्या वेळी, पाखंड म्हणून नाकारले होते.

हा वाद आता दूरदेशीचा राहिलेला नाही. आपल्या धर्मग्रामांतील तरुणांच्या मोबाइलवर तो रोज येऊन आदळतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांती यांवर धडा आहे. मुले तो वाचतात आणि घरी विचारतात, ‘पुस्तक खरे की बायबल?’ काही मंडळी दारोदार पत्रके वाटून सांगतात, की सहा दिवसांवर विश्वास नसेल तर तारणावरही विश्वास नाही. दुसऱ्या बाजूने शिकलेसवरलेले काहीजण हसून म्हणतात, पहिल्याच पानावर चुकणारा ग्रंथ पुढे काय सांगणार? माझ्या मते हे दोघे परस्परांचे विरोधक दिसत असले तरी एकाच चुकीचे भागीदार आहेत. उत्पत्तीचे पहिले पान हा विश्वाच्या जन्माचा पंचनामा आहे, असे दोघेही गृहीत धरतात.

ते पान तसे नाही, हे ओळखण्यास विज्ञानाची गरज नाही. सावधपणे वाचणे पुरे आहे. पहिल्या दिवशी प्रकाश झाला. सूर्य मात्र चौथ्या दिवशी. तर मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ आणि संध्याकाळ कोणत्या सूर्याने मोजली? हा प्रश्न डार्विनच्या कित्येक शतके आधी, तिसऱ्या शतकात, ओरिजेनने विचारला. पहिल्या अध्यायात पशू आधी आणि मनुष्य शेवटी. दुसऱ्या अध्यायात मनुष्य आधी आणि त्याला सोबत म्हणून पशू नंतर. ज्यांनी हे दोन वृत्तांत शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल, असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. त्यांना तो दिसला होता, आणि खटकला नाही. कारण ते वेळापत्रक लिहीत नव्हते.

संत आगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले. हे सहा दिवस आपल्या घड्याळाचे नव्हेत, असे त्यांचे मत होते. त्याच भाष्यात त्यांनी ख्रिस्ती लोकांना कडक शब्दांत बजाविले आहे, की आकाश, तारे, प्राणी यांविषयी जे ज्ञान परधर्मीयांनाही अनुभवाने ठाऊक आहे, त्याविषयी पवित्र शास्त्राच्या नावाने भलतेसलते बोलू नका. अशाने लोक तुम्हांला हसतीलच, पण पुनरुत्थानाविषयी तुम्ही जे सांगाल तेही खोटे मानतील. पृथ्वीचा जन्म इ. स. पू. ४००४ च्या ऑक्टोबरात झाला, हे गणित आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली मांडले. ते विद्वान गृहस्थ होते, आणि त्या काळच्या साधनांनी त्यांनी प्रामाणिक हिशेब केला. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीवरून ठरलेले असताना अशर यांचा आकडा श्रद्धेची कसोटी म्हणून धरून बसणे, हे मात्र त्यांच्या विद्वत्तेशीही इमान राखणे नव्हे.

मग त्या पानावर आहे तरी काय? निनवेच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या विटांवरील बाबेलची सृष्टिकथा जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा एक नवे दार उघडले. त्या कथेत देव एकमेकांशी लढतात. मार्दुक तियामतला ठार करून तिच्या देहाचे दोन भाग करतो आणि त्यांतून आकाश व पृथ्वी घडवितो. किंगू नावाच्या पराभूत देवाच्या रक्तातून माणूस घडविला जातो, तो देवांचे कष्ट वाहण्यासाठी. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमचा पाडाव झाला आणि यहुदी लोक बंदिवान म्हणून याच बाबेलला नेले गेले. आपला पहिला अध्याय त्या हद्दपारीच्या आगेमागे आकारास आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता तो अध्याय पुन्हा वाचा. युद्ध नाही, रक्त नाही, केवळ शब्द. बाबेलमध्ये सूर्य-चंद्र पूजले जात. येथे त्यांना नावेसुद्धा दिलेली नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती, देवाने टांगलेले दिवे. आणि माणूस गुलाम नव्हे, तर देवाची प्रतिमा. एकटा राजा नव्हे. स्त्री आणि पुरुष, सर्वच. पायांत बेड्या असलेल्या माणसांनी हे ज्यांनी बेड्या घातल्या त्यांच्या राजधानीकडे पाहत म्हटले असेल, तर त्यात केवढे धैर्य आहे! आणि आपण वाद घालतो तो दिवस चोवीस तासांचा होता की नाही, यावर. १९२५ साली अमेरिकेतील डेटन गावच्या खटल्यात बायबलचे कैवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना विरुद्ध बाजूच्या वकिलाने हाच प्रश्न केला, तेव्हा ते दिवस चोवीस तासांचेच होते असे आपण मानत नाही, हे त्यांनाही कबूल करावे लागले होते.

आपल्या पूर्वजांचे या बाबतीत भान अधिक होते, असे मला वाटते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने सृष्टीच्या आरंभापासूनची कथा मराठी ओव्यांत रचिली. ते ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे १६१६ साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या! त्याच १६१६ साली रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली आणि गॅलिलिओला ताकीद मिळाली. एकीकडे शास्त्राच्या ओळी ज्योतिर्विद्येच्या नियमांसारख्या वाचल्या जात होत्या, तर इकडे त्याच शास्त्राची कथा गाण्यासाठी ओवीत उतरत होती. गॅलिलिओच्या न्यायाधीशांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केली.

आपल्या वसईच्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. सातबाऱ्याचा उतारा वेगळा आणि जात्यावरची ओवी वेगळी. उताऱ्यावर गुंठ्याची चूक झाली तर तो तलाठ्याकडे धाव घेईल; ओवीत भावाच्या घराला सोन्याची माडी असेल तर तो ती सातबाऱ्यावर शोधीत बसणार नाही. म्हणून ओवी खोटी होते काय? बहिणीचे भावावरील प्रेम उताऱ्यावर कोठे नोंदविणार? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात हेच अधिकाराने सांगितले आहे : आपल्या तारणासाठी देवाने जे सत्य नोंदवून ठेवले, ते बायबल निश्चितपणे शिकविते, आणि लेखकाला काय म्हणावयाचे होते हे कळण्यासाठी त्याचा वाङ्मयप्रकार ओळखला पाहिजे.

येथे धर्मग्रामातील एखादा विचारी गृहस्थ हमखास विचारतो, आणि त्याने विचारलेच पाहिजे : ‘फादर, सहा दिवस काव्य म्हणालात. उद्या योनाचा मासा काव्य. परवा रिकामी कबरही काव्यच म्हणाल. थांबायचे कोठे?’

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. योनाच्या माशाचा घसा किती रुंद होता यावर पाने खर्ची घालणाऱ्यांना त्या पुस्तकाचा शेवट आठवत नाही, निनवेच्या लोकांचीच नव्हे तर गुरांचीही देवाला वाटणारी कणव आठवत नाही, एवढे म्हणून मी योनाला सोडतो. पण कबरेचे तसे नाही. संत पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते सुमारे इ. स. ५५ मध्ये, क्रुसावरील मरणानंतर पंचवीसएक वर्षांनी. त्यात तो साक्षीदार मोजतो : पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, आणि त्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही सांगतो. कवी आपल्या रूपकाला साक्षीदार देत नाही. हे घडले नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, अशी पैजच तो लावतो. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो, की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा आपण शोध घेतला आहे. तेव्हा थांबायचे कोठे, हे आपल्या सोयीने ठरत नाही. लेखक जेथे साक्ष देतो तेथे साक्षीसारखे वाचावे, जेथे गातो तेथे गीतासारखे. साक्ष नाकारता येईल. तिला गीत म्हणता येणार नाही.

ग्रंथ आपल्यापर्यंत नीट पोहोचला का, ही शंका वेगळी. तिला १९४७ साली मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांनी उत्तर दिले. तेथे सापडलेली यशयाची संपूर्ण गुंडाळी तोवर ठाऊक असलेल्या पूर्ण हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. फरक पुष्कळ आहेत, पण बहुतेक शुद्धलेखनाचे व व्याकरणाचे; संदेश तोच.

उलट टोकालाही आवर हवा. बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ आणि १९३१ साली प्रसरण पावणाऱ्या विश्वाचा व त्याच्या आरंभीच्या ‘आद्य अणू’चा सिद्धांत मांडला. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीचा पुरावा दिसतो अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते खुद्द लमेत्र! आपला सिद्धांत देवाच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही, असे ते मानीत. मला या माणसाचा फार आदर वाटतो. आपल्या श्रद्धेला आयता मिळालेला पुरावा नाकारणे सोपे नसते.

सगळेच सुटले आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मानवी देह पूर्वीच्या जीवांपासून विकसित झाला असावा, या मताचा अभ्यास करण्यास बाराव्या पायस यांनी १९५० साली मुभा दिली. आत्मा थेट देवाकडून, हे निक्षून सांगितले. उत्क्रांती ही नुसत्या तर्काहून अधिक काही आहे, हे जॉन पॉल दुसरे १९९६ साली म्हणाले. परंतु मानवजात एका जोडप्यापासून नव्हे, तर अनेक पूर्वजांपासून आली असेल, तर आदिपापाच्या शिकवणुकीशी त्याचा मेळ कसा बसेल हे दिसत नाही, असे १९५० च्या त्याच परिपत्रकात आहे. आज आनुवंशशास्त्र सांगते, की आपल्या पूर्वजांची संख्या कधी दोनवर आली होती असे दिसत नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो, की पतनाच्या कथेची भाषा रूपकात्मक आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी घडलेली एक खरी घटना ती सांगते. ही दोन टोके कशी जुळतात, यावर धर्मपंडितांचे काम चालू आहे. साप आणि फळ यांची गोष्ट माझ्या मनाला रोज पटते. तिची तारीख मला सांगता येत नाही.

येत्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवक उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय एकत्र वाचणार आहेत. जीवशास्त्र शिकविणाऱ्या दोन शिक्षिकांनी येण्याचे मान्य केले आहे. पुढे पास्काच्या जागरणविधीत, नव्याने पेटविलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, पहिले वाचन याच पहिल्या अध्यायाचे असते. ते यंदा त्या युवकांपैकीच कोणीतरी वाचील.