छापील किमतीची समता

पाण्याच्या बाटलीवर १४ रुपये छापलेले असतात, विक्रेता २० मागतो आणि प्रवासी २० देतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांत हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणाला खटकत नाही. खटकलाच तर बोलायचे नाही, असाही एक अलिखित नियम आहे. जो बोलतो तो कद्रू ठरतो आणि जो गप्प बसतो तो दिलदार. मला या दिलदारीचीच तपासणी करायची आहे. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे आणि त्याची किंमत आपण दुसऱ्याला मोजायला लावतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेल नीर या रेल्वेच्या स्वतःच्या पाण्याची लिटरभराची बाटली १५ रुपयांवरून १४ वर आणि अर्ध्या लिटरची १० वरून ९ वर आली. २०१९ च्या अखेरीस ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे मेल-एक्सप्रेस गाडीत साधे शाकाहारी जेवण ८० रुपयांना, अंडाकरीचे ९० रुपयांना. हीच जेवणे स्टेशनवर ७० आणि ८० रुपयांना. साधा चहा ५ रुपये, तोही १५० मिलिलिटर. थाळीत भात किती ग्रॅम, डाळ किती ग्रॅम, हेसुद्धा ठरलेले आहे. २०१८ पासून 'बिल नाही तर जेवण फुकट' हे रेल्वेचे जाहीर धोरण आहे आणि टिप देऊ नका, अशी सूचनाही तिने डब्यांतून लावली. तक्रारीसाठी १३९ हा क्रमांक आहे, रेलमदद ही ऑनलाइन सोय आहे. दर आहेत, नियम आहेत, दादही मागता येते. तरीही दीडशे मिलिलिटरचा पाच रुपयांचा चहा गाडीत कोणी मागत नाही, कारण तो असतो हेच बहुतेकांना ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बोलून दाखवण्याची लाज वाटते.

ही लाज कुठून आली? आपल्याकडे पैशाचा हिशेब विचारणे हे हलकेपणाचे लक्षण मानले जाते. हॉटेलात चौघे बसले की 'मी देतो, मी देतो' म्हणून हातघाई होते, पण बिलातली बेरीज तपासणाऱ्याकडे बाकीचे तिघे चमत्कारिक नजरेने पाहतात. खर्च करणे हा मोठेपणा आणि हिशेब विचारणे हा क्षुद्रपणा, अशी ही समजूत आहे. तिला परंपरेचे वय असेल. तर्काचा आधार मुळीच नाही.

आता ही समजूत कोणाच्या खिशातून फेडली जाते ते पाहा. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची आणि शेजारच्या माण-खटावमधली असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली आहेत. कोणी दिल्लीला, कोणी उत्तर प्रदेशात, कोणी पार तामिळनाडूत. सातारा जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या सैन्याला जवान दिले. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा जोडला गेला. या माणसांच्या सुट्ट्या रेल्वेतूनच सुरू होतात आणि रेल्वेतच संपतात. वास्कोहून मिरज, सातारा, पुणे करत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस दोन दिवसांचा बराचसा भाग खाते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या हद्दीतच तेराशे किलोमीटरहून अधिक धावते. इतक्या प्रवासात घरची शिदोरी पहिल्या रात्रीपर्यंत पुरते. पुढे चहा, पाणी, जेवण विकतच घ्यावे लागते, आणि चालत्या गाडीत दुसरे दुकान नसते. पर्याय नसलेल्या गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेणे आणि अडलेल्याला नाडणे यांत मला फरक दिसत नाही.

वातानुकूलित डब्यातल्या माणसाने बाटलीमागे सहा रुपये जादा दिले तर त्याला काही फरक पडत नाही, हे खरे. पण तो देतो म्हणूनच २० हा त्या गाडीचा भाव होतो. तीच बाटली जनरल डब्यात जाते, आणि तिथे दोन लेकरांना घेऊन दारापाशी बसलेल्या बाईला तोच भाव सांगितला जातो. तिने छापील किंमत दाखवली तर 'सगळे देतात, तुलाच काय झाले?' हे उत्तर तयार असते. हे 'सगळे' म्हणजे आपण. आपल्या गप्प बसण्याने तिच्या हातातला पुरावा निकामी होतो. जनरल डब्याजवळ २० रुपयांत पुरी-भाजी देण्याची योजना रेल्वेने काढली, ती याच प्रवाशांसाठी. पण जिथे किंमत विचारणे हाच अपराध ठरतो, तिथे स्वस्त वस्तू विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

छापील किंमत ही काय चीज आहे, हे समजायचे असेल तर गोवा एक्सप्रेसच्याच मार्गावरच्या मसूर स्टेशनाची आठवण करून दिली पाहिजे. सुमारे १९०१ साली साताऱ्यात राहणारा नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते. स्टेशनावर थोरल्या भावाने तिकिटे काढली आणि धाकट्यांच्या हातावर दोन-दोन आणे ठेवले. मुलांनी लगेच लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या. पैसे दिले, वस्तू मिळाली. कोणी जात विचारली नाही. संध्याकाळी मसूरला उतरल्यावर जात विचारली गेली आणि जग पालटले. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान मिळेना. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने चालावे, या अटीवर एक जण तयार झाला. डबे अन्नाने भरलेले होते. रस्त्यात पाणी मात्र कोणी दिले नाही. पाण्यावाचून मुले जेवू शकली नाहीत, उपाशीच पुढे गेली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगातले दुप्पट भाडे मला विशेष महत्त्वाचे वाटते. माणूस कोण आहे हे पाहून भाव ठरवणे हा जुन्या व्यवस्थेचा गाभा होता. एकाला एक दर, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला पैसे देऊनही नकार. इंग्रजी अमदानीत स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळे मिळे. कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा लोक घेईनात, तेव्हा शाहू महाराजांना स्वतः तिथे जाऊन चहा प्यावा लागला. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव सर्व नागरिकांना खुले केले, ते या इतिहासावरचे उत्तर होते. म्हणून बाटलीवर छापलेला आकडा मला क्षुल्लक वाटत नाही. घेणारा कोणीही असो, किंमत हीच, असे तो आकडा सांगतो. तो आकडा ऐच्छिक आहे असे आपण वागू लागलो, की भाव पुन्हा माणसाकडे पाहून ठरू लागतो. कोणाचे कपडे पाहून, कोणाची भाषा ऐकून, कोणाची अगतिकता हेरून.

यावर पहिला आक्षेप येतो तो दयेचा. विकणारा पोरगा गरीब आहे, त्याला चार पैसे मिळाले तर बिघडले कुठे? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. अनेक गाड्यांत या पोरांना पक्का पगार नसतो. विकलेल्या मालावर कमिशन असते. ठेकेदार रेल्वेला परवाना शुल्क भरतो आणि ते वसूल करण्याचा भार खालच्या माणसावर ढकलतो. तुमच्या जादा रुपयांनी त्या पोराची नोकरी पक्की होत नाही. त्याला पगार न देण्याची ठेकेदाराची सोय मात्र होते. मुलाची कणव असेल तर त्याला वेतन मिळावे, म्हणून लिहा, बोला, आपल्या खासदाराला विचारा. न सांगता काढून घेतलेल्या पैशाला मागाहून दान म्हणणे हे मनाचे समाधान आहे, दान नव्हे.

शिवाय ही दया फार निवडक असते. गणवेशातल्या विक्रेत्याला न बोलता २० देणारा हाच गृहस्थ पुढच्या स्टेशनावर पेरूची पाटी घेऊन चढलेल्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. परवान्याशिवाय गाडीत विकणे रेल्वे कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे गुन्हा आहे, हे तिला ठाऊक असते. म्हणूनच ती घाबरत, घाईत विकते आणि म्हणूनच तिला दाबणे सोपे जाते. बळकटापुढे उदार आणि दुबळ्यापुढे काटेकोर राहणे ही आपली सवय आहे, आणि तिला व्यवहारज्ञान म्हणणे बंद केले पाहिजे. गणवेशाच्या किंवा ओळखीच्या जोरावर फुकट चहा-जेवण घेणारेही याच पंक्तीतले. त्यांच्या थाळीचे पैसे कोणाच्या तरी कमिशनातून कापले जातात.

दुसरा आक्षेप असा की आम्ही बाहेरचे खातच नाही. स्वच्छतेच्या शंकेने कोणी घरचा डबा नेत असेल तर तो शहाणा आहे. पण थाळी देणाऱ्याला आधी त्याचे नाव विचारायचे, आडनावावरून अंदाज घ्यायचा आणि मग भूक आहे की नाही ते ठरवायचे, या प्रकाराला स्वच्छतेचे नाव देता येणार नाही. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घातले, त्या भागातल्या माणसांनी शंभर वर्षांनंतर असले प्रश्न विचारावेत, हे मला असह्य वाटते. स्वयंपाकघर तपासा, अन्नाचा वास घ्या, तारीख वाचा. नावाला जंतू चिकटत नाहीत.

राहता राहिला तो निराशेचा आक्षेप, की तक्रारीने काय होते? एका तक्रारीने फारसे होत नाही. पण ठेकेदाराला दंड होतो तो नोंदलेल्या तक्रारीवरून, आणि न नोंदलेला अन्याय सरकारदरबारी घडलेलाच नसतो. तक्रारीचीही एक रीत असावी. समोरच्या पोराला अरेरावी करायची, त्याच्या तोंडापुढे मोबाइल धरून चित्रण करायचे आणि चार लोकांत त्याचा पाणउतारा करायचा, हा प्रकार अलीकडे शौर्य म्हणून खपतो. तो क्रूरपणा आहे. त्या मुलाला 'दादा' म्हणून शांतपणे बिल मागावे. त्याने दिले नाही तर १३९ वर गाडीचा क्रमांक, डबा, वस्तू आणि मागितलेली रक्कम सांगावी. तक्रार ठेकेदाराची करावी, पोराची नव्हे.

तेव्हा पुढच्या प्रवासात छापील किंमत मोजून द्या. एक रुपया कमी नको, एक रुपया जास्त नको. सुटे नाहीत ही सबब ऐकावी लागू नये म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. शक्य असेल तिथे मोबाइलवरून नेमकी रक्कम भरा. जेवणाचे बिल मागा आणि शेजारच्या प्रवाशालाही मागायला सांगा. बिल मिळाले नाही तर पैसे देऊ नका; तो हक्क रेल्वेने स्वतःच जाहीर केलेला आहे.