वाट तुटल्यावरचा धर्म

संकटकाळी नेहमीचे नियम बाजूला ठेवून वागण्याची जी मुभा धर्मशास्त्राने दिली आहे, तिला आपद्धर्म म्हणतात. महाभारताच्या शांतिपर्वात या विषयाला स्वतंत्र उपपर्व आहे, आणि मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाचा मोठा भागही त्यालाच वाहिलेला आहे. ही चर्चा बहुतेक ठिकाणी एकाच अंगाने चालते: जो संकटात सापडला त्याला काय माफ आहे? काठावर उभ्या असलेल्या माणसाचे काय, याकडे ती क्वचितच वळते. दरड आली, पुलावरून पाणी गेले, सरकारी पथक पलीकडेच अडकले, की गावापुढे नेमका हा दुसरा प्रश्न उभा राहतो. संकटाने कर्तव्ये सैल होतात, की नवी कर्तव्ये अंगावर पडतात?

पहिल्या बाजूची सर्वांत गाजलेली कथा विश्वामित्राची. बारा वर्षे पाऊस नाही, भिक्षा मिळत नाही. भुकेने कासावीस झालेला ऋषी रात्री एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचे मांस चोरायला शिरतो. चांडाळ जागा होतो आणि ऋषीलाच धर्म सांगू लागतो, असले खाऊन तप बुडवू नका म्हणतो. विश्वामित्राचे उत्तर सरळ आहे: जीव राहिला तर पुढे धर्म करता येईल. कथेचा कौल ऋषीच्या बाजूने पडतो. चांडाळाच्या घरात त्या मांसाशिवाय दुसरे काही होते का, याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

मनुस्मृतीत हीच मुभा कायद्याच्या भाषेत येते. पोट भरेना तर ब्राह्मणाने क्षत्रियाचे किंवा वैश्याचे काम धरावे. उलट खालच्या वर्णातल्याने लोभाने वरच्याचे काम धरले, तर राजाने त्याची मालमत्ता काढून घेऊन त्याला हद्दपार करावे. आपत्ती सगळ्यांवर सारखी येते, सवलत तेवढी उतरंडीने वाटली जाते. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाड येथे जाळण्यात आला. तेच महाड पुढे दरडींच्या बातम्यांमुळे महाराष्ट्राला वारंवार आठवावे लागले, हा निव्वळ योगायोग. पण आपद्धर्माचा विचार करणाऱ्याला त्या तालुक्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या बाजूचीही एक कथा शांतिपर्वाच्या त्याच उपपर्वात आहे. रानात वादळी पाऊस कोसळतो, जमीन पाण्याखाली जाते, आणि गारठलेला एक पारधी झाडाखाली आसरा घेतो. त्याच्या पिंजऱ्यात एक कबुतरी असते. तिचा नर त्याच झाडावर तिची वाट पाहत असतो. पिंजऱ्यातली मादीच नराला सांगते की हा आपल्या दारी आला आहे, याची सोय कर. कबुतर विस्तव आणून शेकोटी पेटवते आणि खायला द्यायला काहीच नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेते. इथे आपत्ती कोणाला सूट देत नाही. जो जवळ आहे त्याच्यावर ती ओझे टाकते, आणि तेही वैऱ्यासाठी. परंपरेने विश्वामित्राच्या कथेतून नियम काढला आणि कबुतराची कथा पुण्यकथा म्हणून बाजूला ठेवली. ही निवड तपासून पाहण्याजोगी आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुरात महाड शहर बुडालेले होते, रस्त्यांवर जागोजागी दरडी होत्या. बाहेरची मदत वाडीपर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. मधल्या काळात जे काही झाले ते वाचलेल्यांनी आणि आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनी केले. त्यांच्याजवळ होते ते शेतीचे सामान: कुदळ, फावडे, पहार, घमेले. चिखल ओला असताना घमेले भरले की दोघांनी उचलावे लागते, आणि वरून माती पुन्हा घसरत राहते. जेसीबी तासाभरात जे करतो त्याला माणसांचा अख्खा दिवस जातो.

इर्शाळवाडीत तर यंत्राला वाटच नव्हती. खालापूर तालुक्यातली ही ठाकर आदिवासींची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली. शाळेच्या इमारतीत असलेली काही मुले वाचली आणि खालपर्यंत खबर पोहोचवणाऱ्यांत ती होती. पायथ्यापासून चढ तासाभराहून अधिक, निसरडा, अंधारात. खोपोली-लोणावळा भागातले गिर्यारोहक, अग्निशमन दलाचे जवान, एनडीआरएफ, सगळे पायीच चढले आणि हातांनीच खणत राहिले. चढतानाच एका अग्निशमन कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला.

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, सह्याद्रीसारख्या दरडीही नाहीत. तिथे वाट तोडते ते पाणी. काळी माती पाणी पटकन पोटात घेत नाही, नाला तासाभरात फुगतो आणि रपट्यावरून वाहू लागतो. पलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा किंवा कोलामांचा पोड मग बेटासारखा उरतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी, गुलाब चक्रीवादळाच्या पावसात, नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस उमरखेड तालुक्यातल्या दहागाव नाल्याच्या पुलावरून वाहून गेली. बसमध्ये मोजकीच माणसे होती. काठावर जमलेल्या गावकऱ्यांनी त्यांतल्या दोघांना बाहेर काढले. बाकीचे हाती लागले नाहीत. पुढे २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवण्यात आली आणि एसडीआरएफचे पथक कामाला लागले. पथक येईपर्यंत म्हातारी माणसे आणि लेकरे उंचवट्यावर न्यायची, कोण राहिले ते मोजायचे, हे काम अशा प्रसंगी तांड्यालाच करावे लागते. पुराच्या बातमीत या तासांना एखादी ओळही मिळत नाही.

या सगळ्या प्रसंगांत कर्तव्य ठरवणारी गोष्ट एकच दिसते, ती म्हणजे जवळ असणे. नाते, जात, पद, पूर्वीचा सलोखा यांचा हिशेब नंतर. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ च्या एका प्रसिद्ध निबंधात डबक्यात बुडणाऱ्या मुलाचे उदाहरण देऊन असे मांडले की अंतराने नैतिक जबाबदारी कमी होत नाही. दूरच्या देशातल्या भुकेल्याचे ऋण शेजारच्या मुलाइतकेच. पैसे पाठवण्यापुरते हे खरे आहे. वाट तुटली की मात्र त्याला मर्यादा पडते, कारण तेव्हा अंतर म्हणजेच असमर्थता. मुंबईतला कनवाळू माणूस त्या रात्री तळियेसाठी काही करू शकत नव्हता; पुढच्या वाडीतला रागीट शेजारी करू शकत होता. करण्याची ताकद ज्याच्याकडे उरते, ओझेही त्याच्याकडे जाते, मग तो त्या ओझ्याला लायक असो वा नसो.

गीतेतला स्वधर्माचा आग्रह इथे अडचणीचा वाटतो: आपले काम उणे असले तरी आपलेच करावे, दुसऱ्याचे करू नये. पुराच्या काठावर ही मांडणी अक्षरशः घेतली तर पोहता येणाऱ्या न्हाव्याने दोर टाकायचा नाही आणि मास्तराने प्रेत उचलायचे नाही. जो तो दुसऱ्याचेच काम करत असतो, आणि तेच त्या वेळी बरोबर असते. इस्लामी विचारातली फर्ज-ए-किफायाची कल्पना हे जास्त नेमके पकडते: काही कर्तव्ये संपूर्ण समुदायावर असतात, काहींनी ती पार पाडली की इतर मोकळे, कोणीच केली नाहीत तर दोष सगळ्यांचा. कोकणच्याच किनाऱ्यावर वसलेल्या बेने इस्रायलींच्या ज्यू परंपरेत शनिवारची विश्रांती इतकी कडक की या लोकांना शनवार तेली म्हणत. तरीही जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावाच लागतो. तिथे ती मुभा नाही, हुकूम आहे. आपद्धर्माला जो अर्थ मिळायला हवा होता तो या शेजारच्या परंपरेत स्पष्ट शब्दांत आला.

कायदा याबाबतीत मागे आहे. जर्मनीत अपघातात किंवा संकटात शक्य असूनही मदत न करणे हा गुन्हा आहे. भारतीय कायद्यात अनोळखी माणसाला वाचवण्याचे असे सर्वसाधारण बंधन नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले, एवढेच. म्हणजे वाचवले तर त्रास होणार नाही, न वाचवले तरी हरकत नाही. कबुतराच्या कथेपासून हे फार लांब आहे, पण त्या कथेने घातलेली अट कायद्यात आणणेही चुकीचेच ठरेल. फुगलेल्या नाल्यात उडी न घेणाऱ्याला भेकड म्हणणे सोपे असते. दोर नाही, पोहता येत नाही, घरी कच्चीबच्ची आहेत, अशा माणसाने काठावर थांबून आरडाओरडा करून लोक जमवले तर त्याचे कर्तव्य झाले असेच मानावे लागते. कधी तर वाट अडवणे हीच मदत असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा जवळच्या एका माणसाने पुढची वाहने थांबवली. त्याला पाण्यात उतरावे लागले नाही.

धोका दुसरीकडेच आहे. गावाने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचा गाभा विदर्भात घराघरात पोहोचलेला आहे, आणि सरकारही आता आपदा मित्र योजनेतून स्थानिकांना प्रशिक्षण देते. दोन्ही चांगलेच. पण गावकरी धाडसी आहेत म्हणून रपट्याच्या जागी उंच पूल नको, असा हिशेब कोणी करू लागले, तर शेजारधर्म हा सरकारी निष्काळजीपणाचा आडोसा बनतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. पूर येण्याआधीचे सगळे महिने त्याच्या खात्यावर आहेत, पहिले काही तास तेवढे गावाच्या. गावाचे कर्तव्य जवळीकेतून येते, म्हणून वाट मोकळी होताच ते हलके व्हायला हवे. प्रत्यक्षात वाट मोकळी झाली की श्रेय आणि छायाचित्रे वर जातात आणि कर्तव्य तिथेच राहते.

उरतो तो शेवट कोणी करायचा हा प्रश्न. शोध अनंतकाळ चालू शकत नाही; खणणाऱ्यांचा जीव धोक्यात असतो आणि ओल्या मातीत दिवसेंदिवस काही सापडतही नाही. तळियेत ५३ मृतदेह मिळाल्यावर ३१ बेपत्तांना मृत समजून शोध थांबवण्यात आला. इर्शाळवाडीत २७ मृतदेहांनंतर, ५७ जण मातीखालीच असताना, २३ जुलै २०२३ रोजी. दोन्ही ठिकाणी नातलगांशी बोलून निर्णय झाला. बेपत्ता माणूस मृत धरायला कायदा एरवी सात वर्षे थांबतो. अशा घटनांत सरकार ही मुदत बाजूला ठेवते, म्हणजे तिथेही एक आपद्धर्मच चालतो. देह न मिळालेल्याचा दाह दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून करावा, अशी सोय धर्मशास्त्राने फार पूर्वी करून ठेवली आहे. ती वापरायची की डोंगरालाच समाधी मानायचे, हे वाडीने ठरवायचे असते. अधिकाऱ्याने किंवा भटजीने नव्हे. पहिले घमेले ज्यांनी उचलले, खणणे पुरे झाले हे म्हणण्याचा हक्क त्यांचा.