घेवड्याचा वेल आणि घरातली दोन माणसं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे घरोघरी गुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. सप्ताह बसतात, पारायणं होतात. ज्यांना सात दिवस जमत नाहीत ते चौदावा आणि अठरावा अध्याय तरी वाचतात. अठराव्या अध्यायावर तर आपल्या कृष्णाकाठच्या माणसांचं विशेष प्रेम. एक म्हणजे ती कथा आपल्याच मुलखातली, अमरापूरची. वाडीच्या पैलतीरावरचं औरवाड म्हणजेच ते अमरापूर असं आपण मानतो. आणि दुसरं, खरं कारण म्हणजे शेवटी धनाचा कुंभ सापडतो! मी अडतीस वर्षं बँकेत बसून दुसऱ्यांचं धन मोजलं, त्यामुळे असेल कदाचित, मला त्या कुंभाचं फार अप्रूप वाटत नाही. कुंभ सापडण्याच्या आधी त्या घरात जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्यावर चार शब्द लिहावेत म्हणतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. गरीब ब्राह्मण, कोरान्न भिक्षेवर संसार. दारात घेवड्याचा एक वेल. ज्या दिवशी भिक्षा मिळायची नाही त्या दिवशी घेवड्याच्या शेंगांवर दोघं दिवस काढायची. (हा वेलावरचा घेवडा. आमच्या कोरेगावच्या ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय तो राजम्यासारखा, तो वेगळा.) एक दिवस श्रीनृसिंहसरस्वती त्या घरी भिक्षेला आले. घरात होतं काय, तर घेवडा. त्याचीच भाजी करून वाढली. स्वामी जेवले, आशीर्वाद दिला, आणि जाता जाता तो वेलच उपटून टाकला.

आता बघा. बाई रडली. आम्ही काय अपराध केला, आमच्या तोंडचा घास का काढला, असं म्हणाली. इथे काही प्रवचनकार त्या माउलीला कोत्या मनाची ठरवतात आणि नवऱ्याला ज्ञानी. मला हे पटत नाही. उद्या चुलीवर काय ठेवायचं याचा हिशेब त्या घरात कोणाला करावा लागत होता? तिलाच ना! तो वेल म्हणजे त्या घरची मुदत ठेव होती. ती डोळ्यांदेखत गेल्यावर रडू येणार नाही तर काय? शिवाय तीच भाजी तिने हात आखडता न घेता अतिथीला वाढली होती, हे आपण विसरतो.

आणि नवऱ्याने काय केलं? तो तिच्यावर ओरडला नाही. ‘गप बस, तुला काय कळतंय’ म्हणाला नाही. तिच्याजवळ बसून समजूत घातली, की देणारा ईश्वर आहे, ज्याने जन्म दिला तो अन्नही देईल, यतीला दोष देऊ नकोस. एवढं बोलून झाल्यावर तो उठला आणि कामाला लागला. दारातला पडलेला वेल बाजूला करायचा, मूळ खणून जागा साफ करायची. घरातलं साधं काम. आणि ते मूळ काढताना कुंभ लागला. पुढे दोघं मिळून श्रीगुरूंच्या दर्शनाला गेली. श्रीगुरूंनी सांगितलं, हे कोणाला सांगू नका.

म्हणजे क्रम कसा आहे? अतिथीला वाढणं, मग नुकसान, मग नवराबायकोचं बोलणं, मग घरातलं काम, आणि त्यानंतर लक्ष्मी. मधलं बोलणं कडू झालं असतं तर मूळ खणायला कोण उठलं असतं? दोघं दोन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसली असती आणि कुंभ मातीतच राहिला असता. पोथीत असं लिहिलेलं नाही, हा माझा विचार आहे. पण संसार केलेल्या माणसाला तो पटावा.

आपला हा दत्तसंप्रदाय संन्याशांचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. दंड, कमंडलू, भगवी वस्त्रं. पण दत्तप्रभूंचा अवतार झाला कुठे? अत्रि-अनसूयेच्या घरात. तीन देव दारात आले ते अतिथी म्हणून, जेवायला मागत. अनसूयामातेने त्यांची बाळं केली आणि पाळण्यात घातली. ज्यांची करुणात्रिपदी आपण रोज म्हणतो ते टेंबेस्वामी महाराजसुद्धा आधी गृहस्थच. दत्तआज्ञेने माणगाव सोडून वाडीला निघाले तेव्हा पत्नी अन्नपूर्णाबाई बरोबर होत्या. १८९१ साली गंगाखेडला त्या वारल्या आणि त्यानंतरच महाराजांनी संन्यास घेतला. घरच्या माणसाला मागे टाकून परमार्थाला पळा, असं या परंपरेत कोणी सांगितलेलं मला तरी आढळत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्या पिढीत बायकोला ‘आभारी आहे’ म्हणायची पद्धत नाही. उगाच म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. भाजी चांगली झाली असं सांगायचं तर आपण आणखी थोडी मागून घेतो, तेवढ्यावर ती समजून जाते. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण निवृत्तीनंतर एक अडचण होते. माणूस दिवसभर घरात. मग तो घरातच शाखाधिकारी होतो! गॅस एवढा मोठा का, पाणी किती वेळ चालू आहे, भाजीवाल्याला दोन रुपये जास्त का दिले. जिने पस्तीस-चाळीस वर्षं विनातपासणी कारभार चालवला तिची रोज तपासणी सुरू होते. हे ज्या घरात चालतं तिथे सकाळी कितीही आरत्या होऊ देत, शांती नांदणं कठीण.

त्यापेक्षा हात कामाला लावावेत. म्हातारपणी घरात करण्यासारखं पुष्कळ असतं. पावसाळ्याआधी गच्चीच्या भेगा भरून घेणं, न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा, जिन्यावर दिवा. आम्ही स्वयंपाकाचा ओटा नवा केला तेव्हा गवंड्याने मला विचारलं, “काका, उंची किती ठेवू?” मी म्हटलं, “मला काय विचारतोस, जी उभी राहणार तिला विचार.” सौ. घरातल्या सपाता घालून उभी राहिली, कोपर वाकवलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढली. गवंडी म्हणाला, वीस वर्षांत पहिल्यांदाच असं माप घेतलं. ओटा बायकांचा आणि माप पुरुषांचं, अशी आपल्याकडची रीत!

पण सगळ्यात मोठं घरकाम कागदांचं आहे. ते मी जन्मभर काउंटरवरून पाहिलं म्हणून जरा खोलात सांगतो. तालुक्याच्या गावी असताना अशा कितीतरी बाया पाहिल्या. नवऱ्याचे दिवस उरकलेले, बरोबर भाऊ नाहीतर दीर, आणि हातात एका पिशवीत सापडले ते सगळे कागद. ठेव कुठल्या बँकेत हे ठाऊक नाही. खातं एकट्याच्या नावावर, नामनिर्देशन केलेलं नाही. मग वारसांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, रक्कम मोठी असेल तर कोर्टाचा दाखला. महिनोन्‌महिने खेपा. पेन्शनरची बायको असली तरी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी काय द्यायचं हे तिला माहीत नसायचं. तो माणूस वाईट होता का? मुळीच नाही. चांगला संसार केलेला, वाडीला दर पौर्णिमेला जाणारा. फक्त कागदावर बायको कुठेच नव्हती.

म्हणून सांगतो, खातं दोघांच्या नावे करा, ‘दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो’ या प्रकारचं. प्रत्येक ठेवीवर नाव लावा. आणि हेही ध्यानात घ्या की बँकेतला नामनिर्देशित माणूस म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, त्यामुळे मृत्युपत्राचं काम वेगळं उरतंच. हे बोलणं अशुभ वाटतं खरं. पण हयातीचा दाखला द्यायला आपण दर नोव्हेंबरात जातोच ना!

घराचंही तेच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि बायकोच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना सांगितलं. मला त्यातली भूमिका आवडते. तिच्यावर उपकार म्हणून ते करायचं नव्हतं, तिचं देणं फेडायचं होतं. २००३ साली सरकारने ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी पतीबरोबर पत्नीचं नाव लावायला सुरुवात केली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर इतकी वर्षं जी रक्कम उचंत खात्यात पडून होती ती योग्य खात्यावर जमा झाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हाची गोष्ट. आमच्या ओळखीचं एक वयस्कर जोडपं रात्री नावेतून बाहेर पडलं. काकांनी देव्हाऱ्यातला दत्त छातीशी धरला होता. काकूंच्या काखेत कागदांची पिशवी. ती कुठे ठेवलेली असते हे काकांनी त्यांना दाखवून ठेवलं होतं, म्हणून त्या अंधारात मिळाली. पूर ओसरल्यावर त्या गल्लीत दोऱ्यांवर खरेदीखतं आणि पासबुकं वाळत घातलेली मी पाहिली आहेत. त्यांचे कागद तेवढे कोरडे होते.

आता थोडं सहलीबद्दल. मुलं म्हणतात काशीला जा, दुबईला या. जावं, जमेल तसं. पण आपली कृष्णा घराजवळ आहे. माहुलीला वेण्णा भेटते, कराडला कोयना, हरिपूरला वारणा, वाडीला पंचगंगा. एकेका संगमाला एकेक दिवस दिला तरी चार सहली होतात. तीन दत्तस्थानं एका दिवसात ‘करायची’ आणि प्रत्येक ठिकाणी फोटो काढून गाडीत बसायचं, यात दर्शन किती होतं ते दत्तमहाराजच जाणोत. औदुंबरला विमल पादुकांपुढे दोघांनी तासभर नुसतं बसावं, पैलतीराला भुवनेश्वरीला जाऊन यावं. गुडघे कुरकुरत असतील तर पायऱ्या एकमेकांना धरून उतराव्यात, इथे कोणाची लाज आहे?

कराडचा संगम दोघांनी मुद्दाम बघावा. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांचं आणि वेणूताईंचं लग्न १९४२ सालचं. वर्ष सरायच्या आत ते भूमिगत झाले आणि नव्या नवरीच्या वाट्याला तुरुंग आला. पुढे केवढी मोठी पदं आली. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या, आणि १९८४ च्या नोव्हेंबरात यशवंतराव. कराडात वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे, यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तिथेच ठेवला आहे.

घाटावर बसलो असताना सौ. म्हणाली, “अहो, इथून पुढे कोयनेचं नाव कोणी घेत नाही, नाही?” खरंच आहे. वाडीला आपण ‘कृष्णामाई’ म्हणून जे पाणी ओंजळीत घेतो त्यात कोयना आहे, वारणा आहे. नाव मात्र एकीचंच. मी म्हटलं, “वाडीला गेल्यावर आपण घेऊ.” आणि घेतलं. अर्घ्य देताना कोयनामाई, वारणामाई अशी नावं घेतली. शेजारचे पुजारी जरा बघत होते, पण हसले.

जयंतीच्या सप्ताहाचंही असंच. पारायण बसणाऱ्याच्या नावावर लागतं. पहाटे चारला उठून सोवळ्याचा स्वयंपाक करणारीचं नाव संकल्पात येतं कुठे? गुरुजींना विचारून ‘सपत्नीक’ म्हणवून घ्यावं. समाप्तीला मेहूण जेवू घालतो, तेव्हा आपल्या घरचं मेहूणही त्याच पंगतीला एकत्र बसावं, वाढायला सुना-मुलं आहेतच.

दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी लागते. यंदा आमच्याकडे समाप्तीचा घेवडा निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. शिरा नीट निघाल्या नाहीत तर ताट परत येईल, असं आधीच बजावून ठेवलंय.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥