टरफलाआडचा जीव आणि आपली दया



शुक्रवारी दुपारी शब्बाथच्या स्वयंपाकाची कितीही घाई असली, तरी आपल्या घरच्या बायका अंडे एकदम भांड्यात फोडत नाहीत. आधी ते वाटीत फोडायचे, बलकावर रक्ताचा ठिपका आहे का ते पाहायचे आणि मगच इतरांत मिसळायचे. आमच्या आजीपासून आमच्या सुनेपर्यंत ही रीत चालत आली आहे. मध्यंतरी आमच्या नातीने हिब्रूत विचारले, "सबा, तो ठिपका म्हणजे पिल्लू असतं का?"

आम्ही तिला सांगितले, की दुकानातल्या अंड्यात बहुधा नसते. तिथल्या कोंबड्यांजवळ कोंबडाच नसतो, तेव्हा पिल्लू होण्याचा प्रश्नच येत नाही. अंडे तयार होताना कोंबडीच्या पोटातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो डाग. पूर्वी घरोघरी कोंबडे असत, म्हणून शंका घ्यावी लागे; आता शंका गेली, पण रीत राहिली. एवढ्यावर मुलीचे समाधान होईल असे वाटले होते. पण ती म्हणाली, "मग ज्या अंड्यात पिल्लू असतं, त्यात ते कुठल्या दिवशी होतं?"

आयुष्यभर शाळेत निसर्गविज्ञान शिकवूनही आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. प्रश्न विज्ञानाचा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. जो जीव अजून बाहेर आलेला नाही, ज्याला आपण पाहिलेले नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असलो तर ते कोणत्या दिवसापासून, आणि ते फेडायचे कसे?

याचा पहिला धडा आम्हांला लहानपणी मिळाला. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या आमच्या गावी आजीने कोंबड्या पाळल्या होत्या. कोंबडी खुडूक झाली की आजी टोपलीत पेंढा घालून तिला दहा-बारा अंड्यांवर रवणीला बसवी. आठवड्याभराने रात्री कंदिलापुढे एकेक अंडे धरून पाही. ज्यात लाल शिरांचे जाळे दिसे ते परत टोपलीत जाई, कोरे दिसे ते बाहेर निघे. एका वर्षी एकविसाव्या दिवशी सगळी पिल्ले बाहेर आली, फक्त एका अंड्याला सकाळी भोक पडले ते दुपारपर्यंत तसेच राहिले. आत पिल्लू चिवचिवत होते. आजी बाजाराला गेली होती. आम्हांला त्या पिलाची दया आली आणि आम्ही नखांनी टरफल सोलून काढले. टरफलाच्या आतल्या पडद्यातून रक्त आले. पिल्लू बाहेर आले खरे, पण संध्याकाळी गेले. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, घाई तुला होती, त्याला नव्हती."

ते पिल्लू का मेले, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी शिकताना कळले. कोंबडीच्या पोटात अंडे तयार व्हायला सुमारे एक दिवस लागतो आणि फळलेल्या अंड्यात गर्भाची वाढ तेव्हाच सुरू होते. अंडे घातले जाते त्या वेळी बलकावरच्या त्या छोट्या चकतीत हजारो पेशी झालेल्या असतात. मग अंडे थंड पडते आणि काम थांबते. कोंबडी एकेक करून अंडी घालते आणि पुरेशी झाली की सगळ्यांवर बसते, म्हणून आधीचे आणि नंतरचे अंडे एकाच वेळी कामाला लागते आणि पिल्ले बरोबर निघतात. साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली की दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागते. तेवीसशे वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने रोज अंडी फोडून ही वाढ पाहिली होती. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्याएवढे हृदय उड्या मारताना दिसते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पुढे टरफलाच्या आतून शिरांनी भरलेला एक पडदा पसरतो. तोच पिलाची फुप्फुसे. टरफलाला हजारो बारीक छिद्रे असतात, त्यांतून प्राणवायू आत येतो, दूषित हवा आणि वाफ बाहेर जाते. हाडांना लागणारा चुनाही बराचसा टरफलातूनच मिळतो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडल्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि पहिला श्वास घेते. मग चोचीवरच्या टणक टोकाने टरफलाला भोक पाडते आणि कित्येक तास स्वस्थ पडून राहते. या तासांत पडद्यातले रक्त हळूहळू अंगात परत येते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. पहिले दोन दिवस त्याच शिदोरीवर निघायचे असतात. आम्हांला जे थकणे वाटले, ते खरे म्हणजे शेवटचे काम होते. ते पुरे होण्याआधीच आम्ही पडदा फाडला.

यावरून कोणी म्हणेल, की मग हात न लावणे हाच धर्म. तसेही नाही. आपल्या या देशाच्या भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री समुद्रकासवांच्या माद्या येतात, वाळूत खड्डा खणून शंभरेक अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. पुन्हा वळून पाहत नाहीत. ऊब द्यायची ती वाळूने. आपल्या कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले जातीची कासवे थंडीच्या दिवसांत हेच करतात. दोन्हीकडे कोल्ह्या-कुत्र्यांनी आणि माणसांनी ती अंडी सुखाने उबू दिली नाहीत. म्हणून इथे निसर्ग व उद्यान प्राधिकरणाची माणसे घरटी शोधून अंडी कुंपणातल्या वाळूत नेऊन ठेवतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन हेच काम सुरू केले. पूर्वी ज्या गावांत ही अंडी खाण्यासाठी उचलली जात, तिथले लोक ती राखू लागले. इथे हात लावला नसता तर पिल्ले वाचली नसती.

पण हात लावायचा कसा? कोंबडीचे अंडे दिवसातून अनेकदा फिरवावे लागते. कोंबडी चोचीने फिरवते, उबवणी यंत्रातही तशी सोय असते. फिरवले नाही तर गर्भ पडद्याला चिकटतो आणि मरतो. कासवाच्या अंड्याचे नेमके उलटे आहे. अंडे घातल्यावर काही तासांतच गर्भ टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि मग अंडे उलटले तर तो मरतो. म्हणून ती अंडी वेळेत उचलावी लागतात, किंवा वरची बाजू वरच ठेवून अलगद न्यावी लागतात. कोंबड्या पाळलेला एखादा भला माणूस कासवाचे घरटे राखायला बसला आणि मायेने रोज अंडी फिरवू लागला, तर एकही पिल्लू निघणार नाही. वाळूच्या उबेचेही तसेच. सुमारे २९ अंशांच्या वर ऊब गेली तर बहुतेक माद्या निघतात, खाली राहिली तर नर. सावली केली किंवा काढली, तरी आपण नकळत कोणाचे तरी नशीब लिहीत असतो.

दया सगळ्यांना येते. आम्हांलाही त्या दुपारी आली होती, आणि ती खोटी नव्हती. पण बाहेर आलेला जीव आपले सांगतो. दुखले तर ओरडतो, नको असेल तर पळतो. टरफलाआडचा जीव काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने आपणच समजून घ्यायचे असते. न समजता केलेल्या दयेत आपण आपले मन शांत करतो, त्याचे भले करत नाही.

आता नातीचा प्रश्न. कुठल्या दिवशी? निसर्गाला विचारावे तर तो दिवस दाखवत नाही. जन्म हीच रेघ धरावी, तर तीही ज्याच्या त्याच्यासाठी वेगळ्या ठिकाणी पडते. कांगारूचे पिल्लू महिन्याभरातच जन्मते, तेव्हा ते घेवड्याच्या दाण्याएवढे असते आणि पुढची सगळी वाढ आईच्या पिशवीत होते. कोंबडीचे अंडे बाहेर पडते तेव्हा आत पिल्लू म्हणावे असे काहीच नसते. गाईचे वासरू नऊ महिने पोटात राहते आणि जन्मल्यावर तासाभरात उभे राहू पाहते.

तोरातही, देवारीमच्या २२ व्या अध्यायात, घरट्याची आज्ञा आहे. वाटेत घरटे दिसले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर दोघांना एकदम घेऊ नये, आधी आईला जाऊ द्यावे. ही आज्ञा का दिली यावर आपल्या थोरांचे एकमत नाही. रम्बामने पक्षिणीच्या दुःखाकडे पाहिले. रम्बान म्हणतो, की हेतू आपल्याला दयाळू करण्याचा आहे. आम्हांला मात्र मिश्नातली एक बारीक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. पिल्ले उडू लागली असतील तर आज्ञा लागू नाही, आणि अंडी फळलेली नसतील तरीही नाही. म्हणजे दोन टोके सांगितली. मधे मात्र पाचवा दिवस की पंधरावा, अंडे की पिल्लू, असा भेद केलेला नाही. आज्ञा रानपाखरांपुरती आहे, घरच्या कोंबडीला ती लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा विचार करण्याची रीत म्हणून ती आम्हांला पटते.

पण आजच्या जगाला मधेच रेघ ओढावी लागली आहे. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांची जात वेगळी आणि मांसासाठी पाळायच्यांची वेगळी. अंड्यांच्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून जगभर अशी शेकडो कोटी पिल्ले दर वर्षी जन्मल्याच दिवशी मारली जातात. आपण सकाळी आम्लेट करतो तेव्हा त्या कोंबडीचा भाऊ आपल्या डोळ्यांपुढे नसतो. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिल्ले मारण्यास बंदी केली. मग अंड्यातच नर-मादी ओळखून नराचे अंडे बाजूला काढण्याची यंत्रे वापरात आली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला की कितव्या दिवसापर्यंत? आधी कायद्यात सातव्या दिवसाची रेघ होती. गर्भाला वेदना केव्हापासून कळू शकते याचा अभ्यास झाल्यावर २०२३ मध्ये ती तेराव्या दिवसावर नेली. आपल्याकडच्या व्होल्कानी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तर आणखी मागे जायचे ठरवले. पक्ष्यांत नर की मादी हे आईकडून ठरते. त्यांनी कोंबडीच्या बीजात असा बदल केला, की तो फक्त मुलग्यांकडे जातो. अंड्यांवर निळा प्रकाश टाकला की नर गर्भाची वाढ सुरुवातीलाच थांबते, मादी नेहमीप्रमाणे वाढते. २०२२ च्या डिसेंबरात हे जाहीर झाले.

आमचे मत विचाराल तर हे काम चांगले आहे. डोळे उघडलेले, चिवचिवणारे पिल्लू यंत्रात टाकण्यापेक्षा वेदना सुरू होण्याच्या कितीतरी आधी वाढ थांबलेली बरी. पण यामुळे आपला हात अगदी स्वच्छ झाला असे कोणी समजू नये. सातवा दिवस काय, तेरावा काय, ती रेघ निसर्गाने ओढलेली नाही. आपण आपल्या सोयीसाठी आणि आपल्या समजुतीप्रमाणे ओढलेली आहे. उद्या अधिक कळले तर ती पुसून अलीकडे आणण्याची तयारी ठेवली पाहिजे. आणि त्या नराला नकोसा कोणी केला? दोन जाती वेगळ्या करणाऱ्या माणसानेच. ज्ञानाने चूक केली, आता ज्ञानच ती सुधारू पाहत आहे. अंड्याआड काय चालले आहे हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यापेक्षा माहीत असलेल्या आपली जबाबदारी मोठी.

पुढच्या शुक्रवारी नात पुन्हा आली. आम्ही तिला सांगितले, "बाळ, असा एक दिवस नसतो. हळूहळू होतं. म्हणून आपण पहिल्या दिवसापासून जपून हात लावायचा, आणि लावण्याआधी विचारायचं, मला नीट माहीत आहे का?" तिला सगळे समजले असे नाही. आजीच्या त्या वाक्याचा अर्थ समजायला आम्हांलाही वीस वर्षे लागली होती.

तिने एक अंडे उचलले, वाटीत फोडले, वाटी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "नाही, ठिपका नाही."

"मग घाल," आम्ही म्हणालो.